वस्तादांच्या ट्रकला भोंगा नव्हता

वस्तादांच्या ट्रकला भोंगा नव्हता. बिघडला नव्हता की चोरीला गेला नव्हता. त्यांनी स्वतःच्या हाताने तो काढून, तारा गुंडाळून घरातल्या फळीवर ठेवून दिला होता. आणि याच ट्रकवर ते पोरांना गाडी शिकवत. सिहोऱ्यापासून थोड्या अंतरावर एक तलाव आहे. त्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या भरावावर, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला भाताच्या खोल बांध्या, मधे जेमतेम एका गाडीपुरती वाट, आणि त्या वाटेवर हा बिनभोंग्याचा ट्रक. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी वाचाच बसली. वाचा परत आली ती कायदा घेऊनच आली.

"हे बेकायदा आहे. तुमच्यावर खटला होऊ शकतो," मी म्हणाले.

"होऊ दे ना," वस्ताद म्हणाले. "भोंगा असला का पोट्ट्याचा हात भोंग्यावर जाते. नसला का पाय ब्रेकवर जाते. तुह्या कायद्यात पाय कोठी लिवला हाये ते सांग."

मी आजही म्हणते की ते बेकायदाच होतं. वस्तादांवर लिहायला बसले आहे म्हणून त्यांची प्रत्येक गोष्ट बरोबर ठरवणार नाही. चष्मा लावणाऱ्या माणसाच्या हाती गाडी देऊच नये, असं त्यांचं ठाम मत होतं. शिकाऊ चुकला की खांद्यावरचा पंचा त्याच्या कानशिलावर फटकन बसे. मिशांना ते काळा रंग लावत, डोक्याचे केस मात्र पांढरेच ठेवत; विचारलं तर म्हणत, "केसं पावसानं पांढरे झाले." चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण ऐंशीच्या आगेमागे आमच्या भंडारा जिल्ह्यात ज्यांनी ट्रकचं स्टिअरिंग हातात धरलं, त्यांनी असा एखादा वस्ताद नक्की पाहिलेला आहे. तेव्हा मोटार शाळा नव्हत्या. ड्रायव्हर म्हणजे वस्ताद, आणि त्याच्याकडे शिकणारा क्लीनर. क्लीनरने गाडी धुवायची, चढावर उतरून चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, शिव्या खायच्या, आणि वर्षा-दोन वर्षांनी वस्तादाची मर्जी झाली तर रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात घ्यायचं.

आमचे वस्ताद भाताच्या गिरणीवर ड्रायव्हर होते. गिरणीने जुना ट्रक मोडीत काढला तेव्हा तो त्यांनी मागून घेतला आणि पाळीवर शिकवणी मांडली. त्यांची परीक्षा जगावेगळी होती. सकाळी एखादी बैलबंडी पाळीवर चढली की तिच्या मागे शिकाऊचा ट्रक लावायचा. बंडीवाल्याला काही सांगायचं नाही. बंडी चालेल तसं चालायचं, थांबेल तिथं थांबायचं. बैल बुजले तर बंडी थेट पाण्यात, म्हणून अंतर राखायचं आणि जिथे ती आपल्या बांधीकडे उतरेल तिथवर मागे राहायचं. बंडीवाला मधेच उतरून बिडी पेटवी, ओळखीच्या माणसाशी बैलाच्या खुरांबद्दल बोलत उभा राही. वस्ताद डाव्या बाजूला डोळे मिटून बसलेले असत. एकदा एका पोराने खिडकीतून मान काढून बंडीवाल्याला आईवरून शिवी दिली. वस्तादांनी डोळे न उघडताच सांगितलं, "उतर. पुढच्या उन्हाळ्यात ये."

मी त्यांच्याकडे गेले ती मोटरसायकल शिकायला. आमचं एक तरुणांचं मंडळ होतं. आमची मागणी साधी होती: रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, बायांना ट्रकमध्ये पोत्यांसारखं कोंबून नेणं बंद करा, आणि नेणाऱ्या ड्रायव्हरची खरी परीक्षा घ्या. मागणी साधी असली तरी पत्रकं गावोगाव पोचवावी लागत, अगदी मध्य प्रदेशाच्या हद्दीवरच्या बपेऱ्यापर्यंत. मंडळाकडे एक जुनी फटफटी होती आणि ती फक्त मुलं चालवत. समतेवर माझं भाषण झालं की मला घरी सोडायला एक मुलगा फटफटी काढी. याचा मला संताप होता.

"बाईमानसाले फटफटी कायले पायजे?" वस्तादांनी विचारलं.

मी उत्तर दिलं. लांब दिलं. त्यात शोषण होतं, व्यवस्था होती, अर्धी लोकसंख्या होती. वस्तादांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"झालं भाषण? आता कीक मार."

त्या दिवसापासून मी 'पत्रकबाई' झाले. माझ्या पत्रकांचा उपयोग ते ट्रकची काच पुसायला करत. "शाईनं काच लय साजरी निघते माय," असं मलाच वर सांगत. पण पुसण्याआधी पत्रक वाचत. तिसऱ्या की चौथ्या पत्रकाच्या वेळी म्हणाले, "तू 'कुशल चालक' लिवते. कुशल म्हंजे काय ते एका ओळीत लिव. माह्या पोट्ट्यायले समजलं पायजे." मला ते लिहिता आलं नाही. त्यांनाही सांगता आलं नाही, आणि न येण्याचं खापर त्यांनी माझ्यावरच फोडलं.

माझी परीक्षाही बंडीमागेच झाली. म्हातारा बंडीवाला दर थोड्या वेळाने मागे वळून बघे. शेवटी त्याने बैल थांबवले आणि विचारलं, "काहून वो बाई, पेट्रोल सरलं का? दोर देऊ का वढाले?" मी पाय टेकून उभी, कपाळावरून घाम, आणि मागे पाळीवर वस्ताद पोट धरून हसत होते.

ही परीक्षा व्हायच्या आधीच सरकारी परवाना माझ्या हातात आला होता, आणि तो कसा आला हे सांगितलंच पाहिजे. तालुक्याच्या गावी बाजाराच्या पटांगणात परवान्याचं शिबिर भरे. टेबल, खुर्ची, परीक्षक साहेब, बाजूला एजंट. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, फटफटीकडे पाहिलं आणि विचारलं, "चालू करता येते?" मी हो म्हणाले. त्यांनी सही केली. मी कीकसुद्धा मारली नव्हती. मला वाटलं काहीतरी राहिलं असेल, म्हणून मी तिथेच उभी राहिले. एजंट म्हणाला, "ताई, झालं ना. सरका."

मग जड वाहनवाल्यांचा नंबर आला. पटांगणात एक ट्रक उभा होता. एकेक माणूस एका दाराने चढे, स्टिअरिंगला हात लावी आणि दुसऱ्या दाराने उतरे. देवळात दर्शन घेऊन मागच्या दाराने बाहेर पडावं तसं. रांग संपली, ट्रक जागचा हलला नाही, आणि ते सगळे त्या दिवसापासून माणसांनी भरलेला ट्रक कुठेही न्यायला मोकळे झाले. मी आमच्या पत्रकांत लिहीत होते की व्यवस्था ढिली आहे. ढिली कुठली? व्यवस्थाच नव्हती. रागारागाने मी वस्तादांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा परवाना हातात घेऊन निरखला.

"हा तुह्या फोटोले भेटला," ते म्हणाले. "तुले अजून भेटाचा हाये."

वस्तादांना एकच मुलगी, चंद्रकला. तिला बपेऱ्याकडे दिली होती. तिचा नवरा भोजराज सासऱ्याकडेच गाडी शिकायला आला होता. दिसायला रुबाबदार, बोलायला गोड, मेहनती पोरगा. वस्ताद त्याला 'जावईबापू' म्हणत, त्याचं ताट आधी वाढायला लावत आणि पाळीवर नेऊन नापास करत. त्याला एकच खोड होती. गिअर टाकताना त्याची मान खाली जाई. गिअरचा दांडा बघितल्याशिवाय त्याचा हात त्याला सापडतच नसे. सपाटीवर चालून जाई. चढावर मान खाली गेली की तेवढा वेळ गाडी कुणाच्याच ताब्यात नसे. वस्तादांनी पंचा मारून पाहिला नाही. जावयाला कसा मारणार? गोडीत सांगितलं, हात जोडून सांगितलं. दोन उन्हाळे गेले, खोड गेली नाही.

भोजराजने मग एजंट गाठला आणि शिबिराच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मी त्या दिवशी पत्रकं वाटायला तिथेच होते. वस्ताद कसे आले मला माहीत नाही; कुणीतरी कानावर घातलं असेल. रांगेत भोजराजचा नंबर आला, तो ट्रकमध्ये चढला, आणि वस्ताद टेबलापुढे जाऊन म्हणाले, "साहेब, याले गाडी येत नाही."

साहेबांनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"सासरा."

पटांगण हसलं. एजंट म्हणाला, "वाह रे सासरा. लोकं जावयाले गाडी घेऊन देते, हा पोटावर पाय देऊन राहिला."

"त्याले चढावर एकडाव न्या," वस्ताद म्हणाले. "तुमी सोता बाजूले बसा. मग द्या परवाना. मी तुमचे पाय धुईन."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, भोजराजच्या कागदावर सही केली आणि "पुढचा" म्हणाले. भोजराज ट्रकमधून उतरला तेव्हा त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. सासऱ्याकडे न बघता तो निघून गेला. सासऱ्याने चारचौघांत जावयाची इज्जत काढली, ही बातमी त्याच्याआधी बपेऱ्याला पोचली. त्या वर्षी चंद्रकला अखाडीच्या सणाला माहेरी आली नाही. तिला पाठवलंच नाही.

आणि पाऊस पडला, रोवणी लागली, आणि भोजराजला काम मिळालं ते रोवणीच्या बायांचा ट्रक चालवायचं. पहाटे गावोगावच्या बाया भरायच्या, लांबच्या बांध्यांवर सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या.  त्या रस्त्यावर एक रपटा, म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल, आहे. ओढा ओलांडून लगेच पाळीवर जायचा उभा चढ. आठवड्याभराने सिहोऱ्याच्या स्टँडवर तो ट्रक दिसला. मागे बाया दाटीने उभ्या. आणि ट्रकच्या मागच्या कोपऱ्याला, फळीवर तळहात थापटत, पंचा डोक्याला बांधून वस्ताद उभे होते. "आन दे, आन दे, आन दे... बस." भोजराज गाडी मागे घेत होता आणि वस्ताद त्याचे क्लीनर होते.

हे वाचताना तुम्हाला एवढं काय त्यात असं वाटत असेल, तर तुम्ही या धंद्यातले नाही आणि आमच्या भागातलेही नाही. सासऱ्याने मुलीच्या घरचं पाणी पिताना विचार करावा, अशी आमची रीत. इथे सासरा जावयाची गाडी धूत होता. आणि ज्याच्या हाताखाली तालुक्यातले निम्मे ड्रायव्हर तयार झाले, तो म्हातारपणी क्लीनर झाला होता. चहाच्या टपरीवरच्या ड्रायव्हरांनी त्यांना सोडलं नाही.

"काय वस्ताद, कोठी चुकले? खालच्या वर्गात बसवलं तुमाले."

"तुह्या गाडीत पोते हायेत," वस्ताद बशीत चहा ओतत म्हणाले. "त्याच्या गाडीत बाया हायेत."

मी त्यांना बाजूला घेतलं. मी फार चिडले होते. मी म्हणाले, "हा उपाय नाही. तुम्ही लेखी तक्रार द्या, मंडळ तुमच्या पाठीशी आहे. एका माणसाने क्लीनर होऊन व्यवस्था सुधारत नाही."

"व्यवस्थेले घेऊन बस तू," ते म्हणाले. "माही पोरगी त्याच्या घरी हाये, अन् या बाया त्याच्या गाडीत हायेत. ते सुधरेपर्यंत मी काय करू?"

भोजराज त्यांच्याशी बोलत नसे. बाया पुरवणाऱ्या ठेकेदाराने ठेवला म्हणून क्लीनर ठेवला होता, एवढंच. वस्ताद डाव्या बाजूला बसत आणि चढ आला की एकच शब्द बोलत: "समोर." म्हणजे मान वर, समोर बघ. मागच्या बायांनाही तो पाठ झाला. चढ आला की फळीला धरून त्या एका सुरात ओरडत, "समोर..." आणि हसत. त्यांच्यातली देवकाबाई फार तोंडाळ. ती वरून विचारी, "काय जी वस्ताद, घरी बायकोलेबी असंच म्हनत होते का?" वस्ताद मिशांवरून हात फिरवत.

रपट्याच्या चढावर मात्र ते बसून राहत नसत. तिथे उतरत आणि हातात ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालत वर जात. रोज. रोवणी अर्ध्यावर आली होती, त्या दिवशी पाऊस लागलेला होता. वस्ताद उतरले. आत "समोर" म्हणणारं कुणी नव्हतं, आणि मागच्या बायांचा आवाज पावसात पुढे पोचला नाही. अर्ध्या चढावर भोजराजने गिअर बदलायला घेतला, मान खाली घातली, एक गिअर निघाला आणि दुसरा सापडला नाही. बायांनी भरलेला ट्रक मागे ओढ्याकडे सुटला. वस्तादांनी ठोकळा लावला, तो चिखलात सरकला. त्यांनी तो परत चाकाखाली दाबला. या खेपेला ट्रक थांबला. त्यांचा उजवा हात ठोकळ्याबरोबर आतच राहिला होता.

एकही बाई दगावली नाही. देवकाबाईने मला सांगितलं, की म्हातारा ओरडला नाही, फक्त म्हणाला, "बायायले आधी उतरवा, मग गाडी हालवा."

दवाखान्यात मी पोचले तेव्हा वस्तादांचा पंजा गेला होता. खाटेजवळ चंद्रकला उभी होती. भोजराज दाराबाहेर भिंतीला टेकून होता. जबाब घ्यायला शिपाई आला होता. मी मनातल्या मनात म्हणाले, आता बोला वस्ताद. आता सगळं बाहेर येईल: शिबिर, ती रांग, न हललेला ट्रक. याहून मोठा साक्षीदार आम्हाला मिळणार नव्हता.

शिपायाने विचारलं, "चूक कोणाची?"

"क्लीनरची," वस्ताद म्हणाले. "ठोकळा लावाले उशीर झाला."

माझा कानांवर विश्वास बसेना. ज्या माणसाने भर पटांगणात स्वतःच्या जावयाला गाडी येत नाही म्हणून सांगितलं, तो हे बोलत होता. शिपाई लिहून गेला. मी दवाखान्यात आहे हेही विसरले. "तुम्ही खोटं बोललात. उद्या तो परत बाया भरेल. पुढच्या वेळी ठोकळा कोण लावेल?"

वस्तादांनी चंद्रकलेकडे पाहिलं. मग म्हणाले, "खरं त्या दिवशी बोललो होतो माय. तवा कोणी लिवून नाही घेतलं. आज लिवून घेऊन राहिले, तं आज माही पोरगी इथं उभी हाये."

मी निघून आले. मला ते पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही. एका कुटुंबापुरतं ते ठीक असेल. ट्रकमध्ये उभ्या राहणाऱ्या बायांच्या हिशेबाने ते चूक होतं, आणि हे मी त्यांना पुन्हा एकदा तोंडावर सांगितलं असतं. पण तशी वेळ आली नाही. वस्तादांना साखरेचा आजार होता. जखम भरली नाही, वर चढत गेली. थंडीत ते गेले. अंत्ययात्रेला एवढे ट्रक आले की सिहोऱ्याचा रस्ता बंद पडला. एकाही गाडीने भोंगा वाजवला नाही.

पुढच्या पावसात मी नवं पत्रक घेऊन बपेऱ्याकडे निघाले. सगळे जुने जड परवाने पुन्हा तपासा, अशी मागणी होती. भोजराजचा परवाना शाबूत होता, कागदोपत्री त्याने काहीच केलं नव्हतं, आणि ठेकेदाराने त्याच ट्रकवर त्यालाच घेतलं होतं. मला हे एवढं भयंकर वाटत होतं की रात्रभर झोप नव्हती. पहाटे गावात पोचले. गावाच्या तोंडाशी ट्रक उभा होता. मागची फळी पाडलेली, भोजराज स्टिअरिंगवर, आणि ठेकेदार खाली उभा राहून घराघरांकडे बघून हाका मारत होता. ट्रकमध्ये एकही बाई नव्हती.

बाया पाळीवरून पायी चालल्या होत्या. पदर खोचलेले, शिदोऱ्या डोक्यावर, पुढे देवकाबाई. मी फटफटी त्यांच्या मागे हळू लावली. रांगेच्या शेवटी चंद्रकला होती. मी उतरून तिच्याबरोबर चालू लागले आणि विचारलं, हे कुणी केलं.

"मी," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले, घरोघरी जाऊन सांगतलं."

"काय सांगितलं?"

"माह्या मालकाच्या गाडीत बसू नका म्हनलं. मरान."

 "आणि घरी? भोजराज काय म्हणाले?"

"बोलत नाही माह्यासंग." तिने डोक्यावरची शिदोरी नीट केली. "पन तुमीच सांगा ताई, परवाना सरकारनं देल्ला, तो मले काढून घेता येते का? बाया तं माह्या वळखीच्या होत्या."

पाळ निसरडी होती. तिने मला फटफटी कडेने न घेता मधून घ्यायला सांगितलं आणि ती बायांना गाठायला भराभर पुढे गेली.